छत धरायचं किती, पाडायचं कुठे? लाँगवॉल खाणीतल्या आधारांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न सगळे लाँगवॉल कोळसा खाणीच्या छताविषयीचे आहेत. ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: कोळशाच्या थरात दोन समांतर बोगदे, म्हणजे गेट रोड, काढतात. त्यांना जोडणारी दीडशे ते अडीचशे मीटर लांबीची उघडी कोळसा-भिंत म्हणजे फेस. शिअरर यंत्र या भिंतीवरून दर फेरीत साधारण ०.६ ते १ मीटर जाडीचा काप घेतं. कोळसा खालच्या साखळी कन्व्हेयरवर पडतो आणि पोलादी हायड्रॉलिक सपोर्टची रांग स्वतःच पुढे सरकते. मागे रिकामी झालेली जागा, गोफ, तशीच सोडून दिली जाते आणि तिथलं छत कोसळतं.

प्रश्न : छत मागे मुद्दाम कोसळू द्यायचं आणि त्याच्या दोन-तीन मीटर पुढे माणसांनी काम करायचं, हे उलटं वाटतं. सगळंच छत धरून का ठेवत नाहीत?
— खाण अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर

धरता येत नाही म्हणून. तीनशे मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर सुमारे सातशे टन खडक असतो. एवढा भार उचलणारा आधार कुणी बनवत नाही आणि त्याची गरजही नसते. फेसपुढचा अखंड कोळसा आणि मागे कोसळून दाबला गेलेला गोफचा मलबा हे दोघे तो भार वाटून घेतात. सपोर्टच्या वाट्याला येतो तो मधल्या पट्टीवरचा, मुख्य छतापासून सुटलेला खडक.

तो किती? एक जुना हिशेब आहे. खडक तुटून पडला की फुगतो, जास्त जागा व्यापतो. कोळशाची काढलेली उंची ३ मीटर आणि फुगवट्याचा गुणांक १.२५, म्हणजे पाव पट वाढ, धरा. मग ३ ला ०.२५ ने भागून १२ मीटर येतात. म्हणजे १२ मीटर उंचीपर्यंतचं छत पडलं की पोकळी भरून निघते आणि वरच्या थरांना खालून टेकू मिळतो. खडकाची घनता २.४ धरली तर सपोर्टने पेलायचा भार होतो दर चौरस मीटरला २९ टनांच्या आसपास. एका सपोर्टच्या वाट्याला सव्वानऊ चौरस मीटर छत येत असेल, तर सुमारे २६५ टन.

आता चाणाक्ष वाचक विचारेल, मग तेलंगणातल्या सिंगरेनीच्या अड्रियाला प्रकल्पात ११५२ टनी शिल्ड, म्हणजे ढालीसारखे सपोर्ट, कशाला बसवले? कारण हा हिशेब छत सपोर्टच्या मागच्या कडेला वेळेवर तुटतं असं गृहीत धरून केलेला आहे. ते तुटलं नाही, बाल्कनीसारखं गोफवर लटकत राहिलं, तर त्याचा सगळा तोल सपोर्टवर येतो. त्यामुळे मागचं छत नियमित पडणं हेच पुढच्या माणसांचं संरक्षण असतं. गोफ शांत आहे म्हणून निर्धास्त होणारा ओव्हरमन (पाळीचा पर्यवेक्षक) आम्हाला काळजीत टाकतो.

प्रश्न : सपोर्टच्या पाटीवर हजार टनांहून जास्त क्षमता लिहिलेली असते. तरीही फेसवर छत गळतं, पोकळ्या होतात. क्षमता कमी पडते की मोजमापात खोट असते?
— एक वाचक, बल्लारपूर

पाटीवरचा आकडा म्हणजे यील्ड क्षमता. त्या भाराला यील्ड व्हॉल्व्ह उघडतो आणि पाय थोडा खाली बसतो. छताला रोज भेटते ती सेटिंग क्षमता, म्हणजे सपोर्ट पुढे सरकून वर टेकला त्या क्षणी पंपाच्या दाबाने त्याने छताला दिलेला रेटा. या दोहोंत गल्लत होते, म्हणून आकडे मांडूनच बघू.

दोन पायांचा शिल्ड घ्या, सिलिंडरचा आतला व्यास ४०० मिमी. क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मीटर. यील्ड दाब ४२० बार असेल तर एका पायाचे ५३८ टन, दोन्हींचे १०७६ टन. पंपाचा दाब ३१५ बार असेल आणि तो पुरता पायात पोचला, तर सेटिंग भार ८०७ टन, म्हणजे यील्डच्या ७५ टक्के. हे प्रमाण चांगलं.

सपोर्टची रुंदी १.७५ मीटर, कॅनॉपीची (छताला टेकणाऱ्या वरच्या पोलादी भागाची) लांबी ४ मीटर, कॅनॉपीच्या टोकापासून कोळसा-भिंतीचं अंतर ०.४ मीटर धरा. काप घेण्याआधी एका सपोर्टखाली ७.७ चौरस मीटर छत येतं, म्हणजे यील्डला दर चौरस मीटर सुमारे १४० टन. शिअरर ०.८५ मीटरचा काप घेऊन पुढे गेला की उघडं छत वाढतं, क्षेत्र ९.१९ होतं आणि आकडा ११७ वर येतो. पाय उभे नसून कललेले असतात, त्याची थोडी वजावट आणखी. इथपर्यंत सगळं ठीक आहे.

आता फेसवर नेमकं काय होतं? ऑपरेटर कॅनॉपी छताला लागलेली बघतो आणि लिव्हर सोडतो. पायात तेव्हा २०० बारच भरलेले असतात. भार झाला ५१२ टन आणि काप घेतल्यानंतर दर चौरस मीटर ५६ टन. हजार टनी सपोर्ट निम्म्या ताकदीवर उभा आहे आणि पाटीवर १०७६ च लिहिलेलं आहे. पुढची ताकद छत खाली येऊन पायाला दाबेल तेव्हाच मिळेल. पण छत खाली आलं म्हणजे त्यातले पातळ थर एकमेकांपासून सुटलेच. सुटलेलं छत पुन्हा चिकटत नाही. पुढच्या कापाला तेच टोकापुढे गळतं.

लिव्हर लवकर सोडणं हे एकच कारण नसतं. एकाच वेळी बरेच सपोर्ट हलवले तर पंपाचा प्रवाह पुरत नाही. पॅनेल (एका फेसने काढायचा कोळशाचा तुकडा) लांब असेल आणि पंप गेट रोडमध्ये दूर असेल तर नळीतच दाब पडतो. कॅनॉपीवर चुरा साचला असेल तर तो आधी दबतो, मग छताला भार मिळतो. खाली बेसपुढे (सपोर्टच्या तळापुढे) कोळशाचा भुगा राहिला असेल तर बेस पुढून उचललेला राहतो आणि कॅनॉपीचं नाक छताला लागतच नाही. छताला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी नाकाशी. इलेक्ट्रो-हायड्रॉलिक सपोर्टमध्ये ‘खात्रीशीर सेटिंग’ची सोय असते: दाब ठरलेल्या आकड्याखाली असेल तर व्हॉल्व्ह पंपाची लाइन पुन्हा उघडतो. ती बंद करून ठेवलेली आढळली तर कारण शोधा. बहुतेक वेळा कुठलीशी गळती लपवण्यासाठी ती बंद केलेली असते.

दाबाच्या नोंदी वाचायला शिकणं फार अवघड नाही. टेकवल्यानंतर रेघ हळूहळू चढते आणि यील्डच्या खाली सपाट होते, हे निरोगी छत. रेघ तीव्र चढून करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत असेल तर यील्ड पुन्हा पुन्हा होतंय, वेटिंग (छताचा भार वाढत येणं) सुरू आहे. फेस थांबवू नका, काप घेत पुढे निघा. रेघ खाली घसरत असेल तर पायाचा चेक व्हॉल्व्ह (द्रव मागे न सोडणारी झडप) किंवा सील गळतंय, नाहीतर वर-खाली चुरा दबतोय. चार पायांच्या चॉक शिल्डमध्ये मागचे पाय रिकामे आणि पुढचे भरलेले दिसले तर मागचं छत आधीच चुरलेलं असून कॅनॉपी पुढे तोल धरून उभी आहे. दोन पायांच्या शिल्डकडे बऱ्याच खाणी वळल्या त्यात हेही एक कारण आहे: पाय पुढे कललेले असल्यामुळे कॅनॉपी छताला भिंतीच्या दिशेनेही थोडी दाबते आणि नाकाशी भार जास्त मिळतो.

प्रश्न : लाकडी प्रॉप (उभा टेकू) तुटण्याआधी आवाज करतो, म्हणून जुने कामगार त्यावर जास्त विश्वास ठेवायचे असं ऐकलं. पोलाद आवाज करत नाही. मग लाकूड का गेलं?
— निवृत्त शिक्षक, वणी

आवाजाचं खरं आहे. पण लाकडी प्रॉपला सेटिंग भार जवळजवळ नसतो. पाचर ठोकून जो काही येतो तेवढाच, बाकी छताने खाली येऊन द्यायचा. लाँगवॉलवर रोज अनेक काप पुढे जायचं तर लाकूड ओढून काढणं हे सगळ्यात जीवघेणं काम होऊन बसतं. मधल्या काळात घर्षणावर चालणारे पोलादी प्रॉप आणि लिंक बार (एकमेकांत अडकवायच्या छताखालच्या तुळया) आले, मग १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये हायड्रॉलिक प्रॉप, आणि नंतर स्वतः चालणारे सपोर्ट. भारतात यांत्रिक लाँगवॉल १९७८ मध्ये झरियाच्या मुनिडीह खाणीत सुरू झाली. लाकूड अजून पूर्ण गेलेलं नाही. गेट रोडमधले चॉक (ओंडके रचून केलेले आधार), पोकळीत भरायचे स्लीपर यांसाठी ते लागतंच.

प्रश्न : ‘मेन फॉल’ म्हणजे काय आणि तो इतका धोक्याचा का मानतात? तो कधी येणार हे आधी सांगता येतं का?
— मायनिंग सरदार परीक्षेचा उमेदवार, चंद्रपूर

नवीन पॅनेल सुरू झालं की सुरुवातीला छताला चारही बाजूंनी टेकू असतो. लगतचे पातळ थर पडत राहतात, पण वरचा जाड सँडस्टोन टिकून असतो. फेस ४० ते १०० मीटर पुढे गेल्यावर तो पहिल्यांदा मोठ्या क्षेत्रात तुटतो. तो मेन फॉल. त्यानंतर दर १० ते २५ मीटरला लटकता तुकडा तुटतो, त्याला पिरिऑडिक वेटिंग म्हणतात. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक थराचे आपले असतात. म्हणून पहिल्या पॅनेलच्या नोंदी जपून ठेवायच्या.

अंदाजासाठी धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेत तयार झालेला केव्हेबिलिटी इंडेक्स परीक्षेलाही येतो. खडकाची दाब-ताकद किलो प्रति चौरस सेंमीमध्ये, गाभा-नमुन्याच्या तुकड्यांची सरासरी लांबी सेंमीमध्ये आणि थराची जाडी मीटरमध्ये घ्या. पहिल्या दोन संख्यांचा गुणाकार, त्याला जाडीच्या वर्गमुळाने गुणायचं आणि ५ ने भागायचं. खडक एकसंध आणि आरक्यूडी (गाभा-नमुन्यातल्या १० सेंमीहून लांब तुकड्यांची टक्केवारी) ८० च्या वर असेल तर लांबीला १.२ चा घात लागतो, एरवी १. ताकद ३००, लांबी ४०, जाडी १६ असेल तर ९६०० येतात. २००० च्या खाली छत सहज कोसळतं, ५००० पर्यंत मध्यम, १०००० पर्यंत अवघड, १४००० पर्यंत चांगलंच चिवट आणि त्यापुढे अत्यंत अवघड. म्हणजे आपलं उदाहरण ‘अवघड’ वर्गाच्या वरच्या टोकाला आहे. त्याउलट ताकद २००, लांबी १५, जाडी ६ असेल तर १५०० सुद्धा भरत नाहीत. हाताशी आकडा आहे म्हणून त्याला सगळं कळतं असं मात्र नाही. तो एकेका थराचा असतो, आणि संकट येतं ते बऱ्याचदा बऱ्याच वर असलेल्या थरातून.

छत्तीसगडच्या चरचा खाणीत १९९० मध्ये हेच झालं. कोळशाच्या वर डोलेराइटची जाड, कठीण सिल (थरांमध्ये घुसून घट्ट झालेला अग्निज खडक) होती. ती वेळेवर तुटली नाही, आणि भार झटक्यात आला तेव्हा पावर्ड सपोर्टचा फेस बसला. १९९७ मध्ये राणीगंज कोलफिल्डच्या कोट्टाडीह खाणीत जाड सँडस्टोनखाली लाँगवॉल फेस असाच गमावला. हळू येणाऱ्या भाराला यील्ड व्हॉल्व्ह थोडं द्रव सोडून वाट देतो. झटका आला तर लहान व्हॉल्व्हमधून तेवढं द्रव त्या क्षणात बाहेर पडू शकत नाही, दाब यील्डच्या बराच वर जातो आणि सील फुटतात, पाय फुगतात किंवा वाकतात. दुसरा धोका पायातल्या उरलेल्या प्रवासाचा. छत खाली येता येता पाय पूर्ण मिटला तर सपोर्ट ‘आयर्न बाउंड’ होतो, मग त्याला हलवण्यासाठी खालचा खडक फोडावा लागतो. म्हणून कठीण छताखाली नुसती जास्त टनांची मागणी करू नका. मोठ्या प्रवाहाचे जलद यील्ड व्हॉल्व्ह आणि पायात पुरेसा शिल्लक प्रवास या दोन गोष्टी खरेदीच्या अटींत वेगळ्या लिहा.

छत पडत नसेल तर पाडावं लागतं. जमिनीवरून किंवा गेट रोडमधून लांब छिद्रं घेऊन जाड थरात सुरुंग लावतात, किंवा उच्च दाबाच्या पाण्याने त्यात भेगा पाडतात. फेस पुढे निघण्याआधी हे नियोजन झालेलं असावं. ऐंशी मीटर गोफ लटकत असताना गेटमध्ये ड्रिल नेणं उशिराचं असतं.

जवळ आलेल्या वेटिंगच्या खुणा म्हणजे फेसच्या मधल्या भागातल्या पायांचा दाब एकदम चढणं, कोळसा-भिंत सुटून पडणं, छतात भिंतीला समांतर भेगा, नवी पाणगळ, गोफमधून घुमणारे आवाज. मोठं क्षेत्र एकदम पडलं तर गोफमधली हवा झोताने बाहेर येते, म्हणून मेन फॉलच्या टप्प्यात टेल गेटला (हवा बाहेर जाणाऱ्या गेट रोडला) विनाकारण माणूस ठेवू नये.

प्रश्न : कॅनॉपीपुढे पोकळी झाली तर कामाचा क्रम काय असावा?
— एक ओव्हरमन (नाव छापू नये)

आधी कन्व्हेयर आणि शिअररची वीज तोडून कुलूप. मग शेजारच्या सपोर्टचे फेस स्प्रॅग (भिंत धरणाऱ्या पुढच्या फळ्या) भिंतीला टेकवा. पोकळीखालच्या सपोर्टला वाव असेल तर काप न घेता तो पुढे घ्या म्हणजे टोकाचं अंतर कमी होईल. सरकवताना कॅनॉपी पूर्ण खाली सोडायची नाही. पायात थोडा दाब ठेवून, छताला घासतच न्यायची. कुणीही कॅनॉपीच्या टोकापुढे उघड्या छताखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. तिथे जायचंच असेल तर आधी तात्पुरता आधार, मग माणूस.

पोकळी फूट-दोन फुटांची असेल तर कॅनॉपीवर लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून छताला पोचायचं आणि मगच सपोर्ट पूर्ण दाबाने सेट करायचा. पुढचे काही काप छताशी ३०-४० सेंमी कोळसा सोडून घ्या. कोळशाचं छत अनेकदा चुरलेल्या शेलपेक्षा बरं वागतं. पोकळी मोठी आणि लांब असेल तर भिंतीच्या वरच्या भागात वर तिरपी दोन-तीन मीटरची छिद्रं घेऊन पॉलियुरेथेन रेझिन भरतात, ते भेगांत शिरून खडक बांधतं. पोकळी भरायला फोम वापरतात. इथे एक सावधगिरी: ही रसायनं जमताना गरम होतात. एकदम जाड थर ओतला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आपोआप पेटणाऱ्या कोळशालगत ती नको असते. थोडं थोडं भरा, मध्ये वेळ द्या, नंतर कार्बन मोनॉक्साइड मोजत राहा.

पोकळी झाली की फेस दोन दिवस बंद ठेवून ‘बघू’ म्हणणं हा सगळ्यात वाईट निर्णय. थांबलेल्या फेसवर छत रोज सुटत जातं.

प्रश्न : गेट रोडमध्ये रूफ बोल्ट (छतात रोवलेल्या पोलादी सळया) असतात, तरी फेस जवळ आल्यावर वेगळे प्रॉप का? आणि रेझिन बोल्ट निघून येतात त्याचं कारण काय?
— डिप्लोमा विद्यार्थी, घुग्गुस

फेसपुढे काही मीटरवर भार सगळ्यात जास्त असतो आणि त्याचा परिणाम काही दहा मीटरपर्यंत जाणवतो. बोगदा खोदताना जे बोल्ट पुरेसे होते ते त्या वेळी पुरत नाहीत. म्हणून फेसपुढच्या वीस-तीस मीटरमध्ये ४० टनी हायड्रॉलिक प्रॉपच्या दोन ओळी, आणि छत वाईट असेल तर ६ ते ८ मीटरचे केबल बोल्ट. केबल आधीच बसवा, भार आल्यावर नव्हे.

बोल्ट निसटण्याचं आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारं कारण मोठं छिद्र. २२ मिमीचा सळई बोल्ट, २८ मिमीचं छिद्र, २.३ मीटर खोली: भोवतालची पोकळी ५४० घन सेंमी. २४ मिमी जाडीची रेझिन कॅप्सूल यासाठी १.२ मीटर लागते. वाया जाणारं धरून १.४. आता ड्रिल बिट डळमळल्यामुळे छिद्र ३२ मिमी झालं तर तीच पोकळी ९७५ घन सेंमी होते आणि २.१५ मीटर कॅप्सूल लागते. कामगार नेहमीच्याच कॅप्सूल घालतो. वरचा भाग पकडतो, खालचा मीटरभर बोल्ट रिकामा राहतो. शिवाय रुंद फटीत कॅप्सूलचं प्लास्टिक फाटत नाही, बोल्टभोवती मोज्यासारखं गुंडाळलं जातं आणि रेझिन-हार्डनर मिसळतच नाहीत. फिरवण्याची वेळ कॅप्सूलवर छापलेली असते. त्यापेक्षा कमी फिरवलं तर मिश्रण कच्चं, जास्त फिरवलं तर जमू लागलेलं रेझिन मोडतं. कॅप्सूल उन्हात ठेवू नका. चंद्रपूरच्या मे महिन्यात डेपोच्या पत्र्याखाली त्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

नजर ठेवायला दोन उंचींचा टेल-टेल (छताची हालचाल दाखवणारं साधन) लावा. एक अँकर बोल्टच्या टोकाच्या जरा खाली, दुसरा बोल्टच्या साधारण दुप्पट उंचीवर. खालचा दर्शक सरकला तर बोल्टच्या उंचीतलंच छत सुटतंय. बोल्ट घट्ट करा, जवळ जवळ लावा. वरचा सरकला तर सुटलेला थर बोल्टांच्या वर आहे. तिथे आणखी तेच बोल्ट मारून उपयोग नाही, केबल किंवा उभे आधार हवेत. किती मिलिमीटरला काय करायचं ते खाणीच्या स्ट्रॅटा कंट्रोल अँड मॉनिटरिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं असायला हवं. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी हा प्लॅन बंधनकारक केला आहे.

प्रश्न : वर्धा आणि गोदावरीचं कोळशाचं खोरं एकच. मग गोदावरीच्या बाजूला लाँगवॉल आणि आमच्याकडे बोर्ड अँड पिलर (खांब ठेवून कोळसा काढण्याची पद्धत), असं का?
— एक वाचक, राजुरा

खोरं सलग असलं तरी पॅनेल सलग मिळायला हवं. दीड-दोन किलोमीटर लांब, अडीचशे मीटर रुंद आणि मध्ये मोठा फॉल्ट (थर सरकलेली भेग) नाही असा तुकडा सापडला तरच शेकडो कोटींच्या यंत्रांचा खर्च निघतो. वर्धा खोऱ्यात बराच कोळसा उथळ आहे, तो ओपनकास्टने निघतो. उरलेल्या भूमिगत खाणी लहान आणि आधीच खांब पाडून कापलेल्या. त्यात पुन्हा लाँगवॉलची आखणी बसत नाही.

प्रश्न : सपोर्टमध्ये तेल नसून पाणी असतं म्हणे. खाणीतलंच पाणी चालेल का?
— हायड्रॉलिक फिटर, उमरेड

९५ ते ९८ टक्के पाणी, बाकी विद्राव्य तेल. खाणीचं पाणी तपासल्याशिवाय घालू नका. पाणी जड असेल तर तेल फाटून साबणासारखी साय जमते आणि फिल्टर, पायलट व्हॉल्व्ह तुंबतात. क्लोराइड जास्त असेल तर सिलिंडरच्या क्रोमखाली गंज शिरतो आणि खरवडलेला रॉड प्रत्येक फेरीत सील कापतो. तेल पुरवणाऱ्याकडून आपल्या पाण्याच्या नमुन्यावर मिश्रण चोवीस तास उभं ठेवून दाखवायला सांगा. टाकीतलं प्रमाण दर पाळीला रिफ्रॅक्टोमीटरने बघा. वाचनाला त्या तेलाचा गुणक लावावा लागतो. तो लावायचा राहिला की ‘चार टक्के’ म्हणून नोंदलेलं मिश्रण प्रत्यक्षात वेगळ्याच प्रमाणाचं असू शकतं. आणि नळी बदलताना उघडं टोक कन्व्हेयरच्या धुळीत ठेवू नका, टोपी लावा. चेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसलेला कोळशाचा एक कण पायाचा दाब पाळी संपायच्या आत उतरवतो.